नर्मदेच्या अलीकडून वाचताना

रामबागेतली

गेल्या दिवाळीपासून रोज रात्री जेवणं आटोपली की मी आईला तासभर वाचून दाखवते. आई ८४ वर्षांची आहे. डाव्या डोळ्याने आता जवळजवळ दिसत नाही, उजव्याने मोठी अक्षरं तेवढी लागतात. ती जन्मभर वाचत आली आहे, त्यामुळे कान अगदी तयार. एखादं वाक्य मी घाईत गिळलं तर लगेच म्हणते, "मागे जा." म्हणून इथे जे लिहिते आहे ते आम्हा दोघींचं वाचन आहे असं समजा.

सुरुवात केली ना. सं. इनामदारांच्या 'झुंज'पासून. इंदूरच्या घरात यशवंतराव होळकरांवरची कादंबरी नसेल असं होत नाही. आमच्याकडची प्रत वडिलांनी घेतलेली, पानं पिवळी पडून कडा तुटायला लागलेल्या. कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा नुसती झपाटून गेले होते. तुकोजींचा अनौरस मुलगा, घराण्यात हक्क नाही. भाऊ विठोजीला १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलेलं. एक डोळा बंदूक फुटून गेलेला. आणि हा माणूस पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, हडपसरपाशी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला धूळ चारतो. ऐन दिवाळीचे दिवस होते ते. आम्ही हा भाग वाचला तेव्हा आमच्या अंगणातही पणत्या होत्या. आईने मला थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे पुण्यात त्या वर्षी कोणी दिवे लावले असतील का गं?"

या प्रश्नाने माझं वाचन बदललं. इतकी वर्षं मी यशवंतरावांच्या घोड्यामागे धावत होते. घोडा ज्या गावातून जातो त्या गावाचं काय होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मग मी मुद्दाम आमच्या गावाचं काय झालं ते शोधत बसले. १८०१ च्या जुलैत यशवंतरावांनी उज्जैनपाशी शिंद्यांची फौज मोडली. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांची फौज इंदूरवर आली. यशवंतराव हरून निघून गेले आणि दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं, घरं जाळली, माणसं मारली. राजवाड्याला लागलेली पहिली मोठी आग ती. राजवाड्यासमोरून मी हजार वेळा गेले असेन. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, हे शाळेत पाठ केलेलं. तो तीनदा जळला, हेही माहीत होतं. पण पहिल्यांदा कोणी जाळला हे नीट माहीत नव्हतं. मी मनात कुठेतरी इंग्रज धरून चालले होते.

आईने १९८४ ची आग स्वतः पाहिली आहे. गच्चीवरून धूर दिसत होता, आणि दुसऱ्या दिवशीही जळक्या लाकडाचा वास गल्लीत होता म्हणते. १८०१ बद्दल वाचल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सागवान जळतं तेव्हा वेळ लागतो. पुष्कळ वेळ लागतो."

हे सगळं मला मिळालं जॉन माल्कमच्या १८२३ सालच्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथातून. दोन खंड, इंग्रजी जुनं आणि लांबलचक वाक्यांचं. मी दुपारी वाचते आणि रात्री आईला माझ्या मराठीत सांगते. यात अहिल्याबाईंचं जे प्रकरण आहे त्यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण त्यानंतर दोन रात्री आम्ही काहीच वाचलं नाही.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ ला कुंभेरीला गेले. त्या सती निघाल्या होत्या, सासऱ्यांनी, मल्हाररावांनी थांबवलं, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. पण १७९१ साली त्यांची मुलगी मुक्ताबाई नवऱ्यामागे सती निघाली तेव्हा काय झालं, ते मी तरी घरात किंवा शाळेत कधी ऐकलं नव्हतं. मुक्ताबाईचा मुलगा आधीच गेलेला, मग नवरा यशवंतराव फणसे गेले. आईने विनवण्या केल्या, मुलगी ऐकेना. माल्कम लिहितो की अहिल्याबाई चितेपर्यंत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. हात सोडवता येईनात म्हणून त्या धरलेल्या हातांना चावत होत्या. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत.

आमच्या देवघराशेजारी अहिल्याबाईंची तसबीर आहे. पांढरं लुगडं, हातात शिवलिंग, शांत चेहरा. इंदुरात तुम्ही चौकात जा, शाळेत जा, विमानतळावर जा, नाव त्यांचंच. त्या शांत चेहऱ्याच्या बाईने कधी असा आकांत केला असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला राग आला, खरंच सांगते. आपण त्यांची देवी केली आणि त्यांच्यातली आई काढून घेतली.

आणि हे लिहून ठेवलं कोणी? ज्याने २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव करण्यात मोठा भाग घेतला, ज्याने पुढच्या ६ जानेवारीला मंदसोरचा तह घडवून आणला, त्या माणसाने. अहिल्याबाई जाऊन तेव्हा पंचविसेक वर्षं झाली होती. त्यांना पाहिलेली माणसं माळव्यात जिवंत होती. त्यांना विचारून त्याने हे लिहिलं.

नंतर विनया खडपेकरांचं 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' घेतलं. कागदपत्रांच्या आधाराने लिहिलेलं असूनही बाई समोर उभी राहते. दौलतीचा हिशोब, तुकोजींशी पैशावरून चालणारी ओढाताण, हे वाचताना आई खूश होती. तिने स्वतः चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिली आहे.

इनामदारांचीच बाजीराव पेशव्यांवरची 'राऊ' पुन्हा वाचली. आता तितकी भिडली नाही, भाषा फार सजवलेली वाटली. मात्र वाचून झाल्यावर एका रविवारी बडवाह, सनावद करत रावेरखेडीला जाऊन आलो. शिंद्यांनी बांधलेली बाजीरावांची समाधी, बाजूला नर्मदा. २८ एप्रिल १७४० ला, म्हणजे भर उन्हाळ्यात, निमाडच्या त्या उष्णतेत तापाने माणूस गेला. ते ऊन अंगावर घेतल्यावर शेवटची प्रकरणं जास्त कळली.

सध्या गोडसे भटजींचं १८५७ च्या दिवसांवरचं 'माझा प्रवास' चालू आहे. त्यावर नंतर लिहीन. तुम्ही या बाजूचं, म्हणजे माळवा, ग्वाल्हेर, बुंदेलखंड, बडोदं इकडचं काय वाचलंत आणि काय वाटलं, ते सांगा.

क्षिप्राकाठ

ताई, फार मनापासून लिहिलंत. एक सांगू का? मी उज्जैनचा. तुम्ही इंदूरच्या आगीवर एक परिच्छेद लिहिलात, उज्जैनवर अर्धं वाक्य. जुलै १८०१ ला शिंद्यांची फौज मोडल्यावर यशवंतरावांनी उज्जैनकरांवर जबर खंडणी बसवली. आमच्या शहरातल्या सावकारांनी, पुजाऱ्यांनी, कोष्ट्यांनी ती भरली असणार. आज इंदूर-उज्जैन बसने दीड तासाचं अंतर आहे. माझी बहीण इंदुरात दिलेली आहे. एका पावसाळ्यात ह्यांनी आमच्याकडून वसूल केलं आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या धन्यांनी तुमची घरं जाळली. दोन्हीकडे मराठी बोलणारीच माणसं. हे एकत्र वाचलं पाहिजे.

रामबागेतली

दादा, बरोबर बोललात. मी दुखणं मोजलं ते फक्त आपल्या गल्लीचं. तुमची ही पोस्ट आज आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्यांना सांग, चूक झाली. म्हणून सांगते आहे.

पानगळ

वाचतेय. 'ज्ञात-अज्ञात' लगेच मागवलं.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. आमच्या भागाचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं. त्यामुळे 'झुंज' आमच्या घरात वाचली जायची तेव्हा दौलतराव आले की आजोबा पुस्तक मिटायचे. खलनायक आपला धनी असला की वाचणाऱ्याची काय अवस्था होते, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणं अवघड आहे.

मला त्या सगळ्या काळात एकच गोष्ट छळते. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते. २३ सप्टेंबरला असई झाली, १ नोव्हेंबरला लासवारी. होळकर बाजूला राहिले. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. मग १८०४ मध्ये यशवंतराव एकटे उभे राहिले. इंग्रजांच्या मॉन्सनच्या फौजेला त्यांनी राजपुतान्यातून पळवत आग्र्यापर्यंत नेलं, भरतपूरला जाटांच्या साथीने इंग्रज सेनापती लेकला दमवलं. तेव्हा शिंदे बाजूला राहिले. दोघं एकाच वर्षी लढले असते तर, हा प्रश्न मी शाळेत मास्तरांना विचारला होता. ते म्हणाले, इतिहासात जर-तर नसतं. मी पन्नाशीला आलो, अजून विचारतोच आहे.

'माझा प्रवास'वर तुम्ही लिहाल तेव्हा मी येईनच. फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे, तिच्यासमोरून मी रोज सायकलने शाळेत जायचो. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी ग्वाल्हेरीत आले, जयाजीराव आग्र्याला निघून गेले. आम्ही त्यांच्या राज्यातली माणसं. आमच्या पूर्वजांच्या पोटात त्यांचं मीठ. समाधीपुढे हात जोडताना मला कधी मोकळं वाटलेलं नाही. हे कुठल्या कादंबरीत आलेलं मी वाचलं नाही आणि मला ते वाचायचं आहे.

मुठेकाठी

धागा चांगला चालला आहे, पण दोन गोष्टींवर माझं वेगळं मत आहे, स्पष्ट मांडतो.

पहिली. ऐतिहासिक कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचावी. तिच्यात आपलं गाव शोधायला जाऊ नये. इनामदारांना एका माणसाची धग मांडायची होती, ती त्यांनी मांडली.

दुसरी जास्त महत्त्वाची. माल्कमवर इतका विश्वास टाकू नका. तो कंपनीचा अधिकारी होता. १८१८ ला माळवा ताब्यात आल्यावर त्याला दाखवायचं होतं की इथे आधी अंधाधुंदी होती, पेंढारी होते, आणि आम्ही आलो म्हणून शांतता आली. यशवंतरावांचं वेड, भानपुऱ्याला रात्रंदिवस तोफा ओतणं, हे सगळं त्याने जितकं रंगवलं आहे तितकं आपण घेऊ नये. ज्याने राज्य घेतलं तो आधीच्या राजाला वेडा म्हणणारच.

रामबागेतली

मुठेकाठी, तुमचा पहिला मुद्दा मला पटत नाही. कादंबरी तिच्या जागी थोर आहे. पण वाचणारी मी रामबागेत बसले आहे, सोबत माझी आई आहे. मी माझं गाव बाहेर ठेवून कशी वाचू?

दुसऱ्या मुद्द्यावर चार दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे की माल्कमला अंधाधुंदी दाखवायची होती. म्हणूनच अहिल्याबाईंचं प्रकरण मला खरं वाटतं. त्याच्या सोयीचं ते नाही. त्याच्या आधीची पन्नास वर्षं सगळी वाईट होती असं म्हणायचं असतं, तर तीस वर्षं चाललेल्या एका बाईच्या कारभाराची इतकी स्तुती त्याने कशाला केली असती? भिल्लांचं उदाहरण बघा. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घ्यायची त्यांची जुनी रीत होती, भिलकवडी. अहिल्याबाईंनी ती मान्य केली आणि बदल्यात वाटेची राखण आणि पडीक जमिनीची लागवड त्यांच्यावर सोपवली. ज्या प्रश्नाशी कंपनीचे लोक स्वतः झगडत होते, तो एका विधवेने असा सोडवला होता, हे त्याने लिहून ठेवलं. शत्रूने आपल्या बाजूच्या माणसाला दिलेली साक्ष मी जास्त धरते.

यशवंतरावांच्या वेडाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. तिथे मी सावध राहायला हवं होतं. भानपुऱ्याचा तोफांचा कारखाना मला वेडाचा वाटतच नाही. १८०५ च्या डिसेंबरात राजपूरघाटचा तह नाइलाजाने करावा लागला, पुन्हा लढायचं तर तोफा लागणार हे त्यांना कळत होतं. त्या भट्टीपाशी उभं राहून शरीर झिजवलं आणि १८११ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, गेले. हे वाचताना माझा आवाज बसला. आईने पाणी दिलं.

वाचनवेडी_बडोदे

बडोद्याहून नमस्कार. तुमच्या या सगळ्या लढायांत आमचे गायकवाड कुठेच नाहीत, कारण ते १८०२ लाच कंपनीच्या आसऱ्याला गेले होते. लहानपणी मला याची लाज वाटायची. मैत्रिणी साताऱ्याच्या, पुण्याच्या. त्यांच्याकडे किल्ले आणि लढाया. आमच्याकडे काय, तर राजवाडा आणि बाग.

मग मी रियासतकार सरदेसाई वाचायला घेतले. गो. स. सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं हे काम. तुम्ही आईला वाचून दाखवता ना ताई, तसंच. त्या वाचनासाठी काढलेल्या टिपणांतून रियासत, म्हणजे त्यांचा मराठ्यांचा मोठा इतिहास, वाढत गेली. ३५-३६ वर्षं ते इथे होते. पुढे पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यांनी संपादित केले. पानिपतावर, होळकरांवर, शिंद्यांवर आज जो कोणी लिहितो त्याला त्या खंडांकडे जावंच लागतं. तेव्हापासून मला लाज वाटत नाही. लढाई आमच्याकडे झाली नाही, पण लढाईचे कागद वाचायला शिकलेला माणूस आमच्या शहराने पोसला.

मी अजून रियासतीच्या मध्य विभागातच आहे. वाक्यं कोरडी आहेत, एका बैठकीत वीस पानांवर जात नाही. पण एकदा त्यांची चाल कळली की कादंबऱ्यांतले लांब संवाद पचत नाहीत, हेही खरं.

लष्करवाला

बडोदेताई, +१. कोरड्या पुस्तकाचं बोललात म्हणून, शेजवलकरांचं पानिपत वाचा. आमच्याकडे महादजींची गोष्ट घराघरांत सांगतात. पायावर वार बसून पडलेले, राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून आणलं, पुढे महादजी त्याला भाऊ म्हणत. गोष्ट ऐकताना फक्त महादजी वाचले एवढंच कळायचं. शेजवलकर वाचल्यावर जे वाचले नाहीत त्यांचा अंदाज आला.

रामबागेतली

'माझा प्रवास' काल संपलं. सांगितल्याप्रमाणे लिहिते.

गोडसे भटजी कोकणातल्या वरसईचे. घरावर कर्ज, म्हणून काकांबरोबर निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेवर. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि म्हणून पहिल्या पानापासून पोटात गोळा येतो. आमच्याकडे चिं. वि. वैद्यांनी १९०७ ला छापलेल्या आवृत्तीवरून निघालेली प्रत होती. त्यांनी भटजींच्या मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ लेखन द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणलं. ते एका ओळखीच्या काकांनी आणून दिलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. मूळातली भाषा ओबडधोबड आहे आणि मला तीच हवी. माणूस घाबरला की घाबरलो म्हणतो, भूक लागली की भूक लागली म्हणतो.

झाशी पडल्यानंतरचे दिवस मी आईला थोडे गाळून वाचणार होते. तिला कळलं. "गाळू नकोस," म्हणाली. मग सगळं वाचलं. जमवलेला पैसा गोऱ्यांनी काढून घेतला तो प्रसंग वाचला, आणि राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उधळला तोही. पोथ्यांचे रेशमी रुमाल काढून घेतले आणि पानं फेकून दिली. यावर आई म्हणाली, "रुमाल तरी कोणाच्या उपयोगी पडला असेल." मला त्या क्षणी ते सहन झालं नाही, मी उठून आत गेले. नंतर कळलं की ती रडत होती.

लष्करवाला दादा, तुमच्यासाठी विहिरीचा प्रसंग. झाशीहून निसटल्यावर काल्पीच्या बाजूला भटजी पहाटे विहिरीवर पाणी काढायला गेले आणि तिथे धुळीने माखलेली, पुरुषी वेशातली राणी आली. ते पाणी काढून देऊ लागले. तिने काढू दिलं नाही, ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून स्वतः दोर हातात घेतला, ओंजळीने पाणी प्यायली. बस, एवढंच. तिथे ना घोडा आहे, ना तलवार. तुमच्या फूलबागेतल्या समाधीला हात जोडताना मोकळं वाटत नाही म्हणालात. मला वाटतं, त्या विहिरीवरच्या बाईला जोडावेत. तिथे कोणाचंच मीठ आड येत नाही.

भटजी अखेर घरी काय घेऊन गेले, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. पैसा सगळा वाटेत गेला, पाणी मात्र खांद्यावरून वरसईपर्यंत नेलं. आईला हा भाग दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा दहा वाजून गेले होते, मी म्हटलं उद्या.

क्षिप्राकाठ

ताई, आजीला विचारा, पुढचं काय वाचायचं म्हणतात.

रामबागेतली

विचारलं. म्हणाली, आधी कावडीचं राहिलंय ते. मग पानिपत. पण शेजवलकरांचंच घे, आणि नकाशाचं पान काढून समोर ठेव, मला बोटाने दाखव कोण कुठे उभं होतं.